कुटुंबासाठी मध्यम आकाराची मोटरहोम: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चार वर्षं आमच्या दारात फोर्स कंपनीची एक पांढरी ट्रॅव्हलर व्हॅन उभी असते. बाहेरून ती इतकी शाळेच्या व्हॅनसारखी दिसते की जूनमध्ये एखादी नवी आई पोराला दप्तरासकट तिच्याजवळ आणून उभं करते. आत मात्र दोन पलंग, ओटा, फ्रिज आणि आईसाठी पाठीला टेकण असलेली एक जागा आहे, म्हणजे चाकांवरचं घर, मोटरहोम. गल्लीतले, नात्यातले, ऑफिसातले, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. मी विकणारा नाही, वापरणारा आहे, तेव्हा मतं माझीच आहेत.

मध्यम आकाराची म्हणजे नेमकी केवढी?

साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर लांब, आत उभं राहता येईल एवढी उंच आणि चार-पाच माणसं झोपतील अशी. यापेक्षा लहान म्हणजे बोलेरो किंवा ओम्नीच्या मागे गादी टाकून केलेली सोय. तिच्यात नवरा-बायको मजेत फिरतात, पण पोरं आणि आजी बसत नाहीत. यापेक्षा मोठी म्हणजे बसच्या चेसिसवरचं घर. ते जंगलाच्या बाजूच्या गावात वळवताना घाम फुटतो.

माझा मापदंड अगदी घरगुती आहे. गाडी तुमच्या गल्लीत वळली पाहिजे आणि दाराशी उभी राहिली पाहिजे. वर्षातले तीनशे दिवस ती तिथेच असणार. मेजरिंग टेप घेऊन आधी फाटक मोजा, मग शोरूमला जा. उंचीही मोजा. छतावर एसी आणि सोलर चढला की गाडी पावणेतीन-तीन मीटरला पोचते. मग झाडाच्या फांद्या, केबलवाल्यांच्या तारा आणि रेल्वेच्या पुलाखालची वाट, सगळंच नव्याने दिसायला लागतं. आपल्या गाडीची उंची कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवली आहे. हसू नका, उपयोगी पडते.

जाहिरातीत "सहा जण झोपतात" लिहिलं होतं. खरं मानायचं का?

सहा जण झोपतातही, पण एकाच कुशीवर. मोजायच्या गोष्टी दोन आहेत: बेल्ट असलेली, पुढे तोंड करून बसायची आसनं किती आणि पाय ताणून झोपता येईल अशा जागा किती. पहिला आकडा जास्त महत्त्वाचा. आडव्या बाकावर, डायनिंग टेबलाशी पोरांना बसवून हायवेला लागायचं नाही. करकचून ब्रेक लागला की काय होतं ते सांगायला नको.

झोपायच्या जागेत एक खोच आहे. या गाड्या बाहेरून दोन मीटरच्या आसपासच रुंद असतात. दोन्ही बाजूंनी पत्रा, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि प्लाय धरला की आत जेमतेम पावणेसहा फूट उरतात. आडवा पलंग केला तर उंच माणसाला गुडघे दुमडूनच झोपावं लागतं. आमचे मोठे काका पहिल्याच रात्री तीन वाजता उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. मोठ्यांचा पलंग लांबीत करा, आडवा पोरांसाठी ठेवा. ती वाढणार आहेत हेही लक्षात असू द्या.

नागपूरच्या उन्हात ही गाडी भट्टी होत नाही का?

होते. म्हणून निवडीचा खरा प्रश्न इथे आहे, इंजिन आणि पडद्यांच्या रंगात नाही. पोरांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक डिझेल हीटर मागतात. अहो, आपल्याला हीटर कशाला?

पहिलं काम इन्सुलेशन. छत, दोन्ही बाजू, चाकांचे उंचवटे आणि दारांच्या आतला पोकळ भाग, सगळीकडे बंद पेशींचा (क्लोज्ड-सेल) फोम नीट चिकटलेला हवा. कारागीर छत करतात आणि दारं विसरतात. काम चालू असताना, प्लाय ठोकायच्या आधी स्वतः जाऊन बघा. नंतर काही दिसत नाही. उघडा राहिलेला पत्रा ओळखायची सोपी रीत म्हणजे दुपारी दोन वाजता गाडी उन्हात उभी करून आतून तळहात फिरवायचा. जिथे चटका बसेल तिथे काम राहिलं आहे. बाहेरचा रंग पांढराच घ्या. पुढच्या काचेला चांदीसारखा पडदा हवा, कारण सगळ्यात जास्त ऊन तिथूनच शिरतं.

आता एसी. एक टनाचा एसी भरात चालताना साधारण एक किलोवॅट ओढतो. रात्रभराच्या आठ तासांना पाच-सहा युनिट धरा. १२.८ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत अडीच युनिट मावतात. म्हणजे फक्त झोपण्यासाठी तसल्या दोन बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होतात, फ्रिज-पंखे वेगळेच. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून तर निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. सरळ सांगायचं तर एसी ही बाहेरून वीज घेता येईल अशा मुक्कामाची चैन आहे. रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या अंगणात १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जाड वायर ओढायची आणि गार झोपायचं. आधी अर्थिंग तपासा. खेड्यात ते पुष्कळदा नावालाच असतं. अर्थिंग दाखवणारा सॉकेट टेस्टर आणि गाडीत बसवलेला वीजगळती-संरक्षक स्विच, एवढं तरी हवंच.

मग कूलर बसवता येईल काय, बाप्पा?

हा प्रश्न नागपूरबाहेर कोणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आपला उन्हाळा कोरडा. छोटा कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये चालतो, म्हणजे रात्रभर दीड युनिट. बॅटरीला सहज झेपतं.

आम्ही कूलर गाडीत बसवलेला नाही, बाहेर ठेवतो. नवेगाव बांधच्या बाजूला एका ओळखीच्या घराच्या अंगणात मे महिन्यात दोन रात्री काढल्या तेव्हा ही युक्ती जमली. मागच्या खिडकीबाहेर स्टूल, स्टुलावर कूलर, कूलरच्या तोंडाला कापडाची बाही शिवलेली आणि बाहीचं दुसरं टोक खिडकीच्या चौकटीत वेल्क्रोने चिकटवलेलं. पुढची खिडकी जाळी लावून चार बोटं उघडी. हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही तर आत दमट होतं, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला शिव्या घालतात. रात्री अकराला बाहेर झळा होत्या आणि आईने साडेतीनला चादर मागितली. सकाळी उठून बघतो तर आमच्या पिण्याच्या पाण्यातलाही एक कॅन कूलरने प्यायलेला.

तीच खोट. रात्रीत तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, तेव्हा विहीर किंवा नळ जवळ असेल तिथेच हे जमतं. मृग लागून हवा ओली झाली की कूलर माळ्यावर टाका.

सोलर किती लावावं?

३०० ते ४०० वॅट. फ्रिज, दोन-तीन पंखे, दिवे आणि मोबाइल मिळून दिवसाला एक-सव्वा युनिट लागतं आणि ३०० वॅटमधून आपल्याकडे उन्हाळ्यात तेवढं निघतं. "ऊन जास्त म्हणजे वीज जास्त" हा गैरसमज आहे. पॅनल तापलं की त्याची ताकद घटते. छताला घट्ट चिकटवलेलं पॅनल मे महिन्यात १५ टक्के तरी कमी देतं. खाली दोन इंच हवा खेळेल असं बसवा. तेवढीच छतालाही सावली.

दुसरी गंमत अशी की सोलरला ऊन हवं आणि तुम्हाला गाडी झाडाखाली लावायची असते. आम्ही झाड निवडतो. चालत्या इंजिनावरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र बसवून घेतलं आहे, तीन तासांच्या प्रवासात बॅटरी बऱ्यापैकी भरते.

पाण्याची टाकी केवढी?

१०० ते १२० लिटर, गाडीच्या पोटाखाली किंवा आत खालच्या बाजूला. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजतं. पाच जणांनी मगाने आंघोळ केली तर माणशी दहा-बारा लिटर. त्यात भांडी आणि संडास धरला की टाकी दीड दिवस पुरते. शॉवर लावला तर एकाच दिवसात खडखडाट. पिण्याचं पाणी वेगळ्या वीस लिटरच्या कॅनमध्ये ठेवा, टाकीचं पिऊ नका. सांडपाण्याला पण टाकी हवी, हे विक्रेते सांगत नाहीत. ज्याच्या अंगणात उतरलो त्याच्याच अंगणात भांड्यांचं पाणी सोडणं बरं दिसत नाही.

आत संडास हवाच का?

घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हवा. बाकीच्यांना फक्त रात्रीपुरता. पेटीवाला, म्हणजे खाली काढून घेता येणाऱ्या टाकीचा संडास मध्यम गाडीत बसतो. त्याची टाकी साधारण वीस लिटरची. ती बनवणाऱ्यांनी कागद वापरणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. आपण जेट स्प्रे लावला आणि पाच जणांची टाकी संध्याकाळच्या आत भरली. मग जेट काढून लोटा ठेवला. दोन दिवस निघतात.

रिकामी करायची ती शौचालयातच. नाल्यात किंवा झुडपात नाही. उन्हाळ्यात रोज करा. का ते एकदा विसरलात की कळेल.

वजनाचं एवढं काय असतं? ट्रॅव्हलरमध्ये तर वीस माणसं बसतात.

माणसं उतरतात, फर्निचर उतरत नाही. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर भरते आणि सुताराच्या हातून अशा दहा-बारा सहज लागतात. इन्व्हर्टरला असतात तशा दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या म्हणजे सव्वाशे किलो. भरलेली टाकी १२० किलो. वर माणसं, गाद्या आणि आमच्या हिच्या डब्यांचा संसार.

आमचीच गोष्ट सांगतो. गाडी बांधणाऱ्याने पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, शेपटीला लटकवली होती. जागा तिथे रिकामी होती, एवढंच त्याचं कारण. पहिल्याच मोठ्या फेरीत, परतवाड्याच्या पुढे चिखलदऱ्याचा घाट चढताना स्टीअरिंग हलकं लागायला लागलं. वळणावर गाडी आपलं ऐकते आहे की नाही अशी शंका येई. परत आल्यावर वाडीला ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गाडी नेली. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन. एकूण वजन बसत होतं, पण मागच्या धुऱ्यावर मर्यादेपेक्षा जास्त आणि पुढच्यावर फारच कमी. टाकी दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये घेतली, ओट्याचा १८ चा प्लाय काढून १२ चा लावला, आणि तीच गाडी त्याच घाटात शहाण्यासारखी चालली. बांधून झालेली कोणतीही गाडी घेताना, पाणी-डिझेल भरून आणि घरच्यांना बसवून आधी काट्यावर न्या. विकणारा काचकूच करत असेल तर समजून घ्या.

मग गाडी कोणती? ट्रॅव्हलर, अर्बानिया की विंगर?

ट्रॅव्हलर ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) येते. चार-पाच जणांना ३३५० बरोबर. ४०२० आत ऐसपैस, पण गल्लीचा विचार करा. तिचा मोठा गुण म्हणजे रुग्णवाहिका आणि शाळेच्या गाड्या तीच असल्याने देसाईगंजपासून धारणीपर्यंत कोणत्याही मेकॅनिकने तिला हात लावलेला असतो.

अर्बानिया, तीही फोर्सचीच, ३३५०, ३६१५ आणि ४४०० मध्ये मिळते. चालवायला कारसारखी, प्रवासात आई झोपी जाते एवढी शांत. किंमतही तशीच. पैसा असेल तर ३६१५ घ्या. टाटाच्या विंगरमध्ये ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे फरशी खाली राहते आणि गुडघे दुखणाऱ्यांना चढणं सोपं. मात्र मागे वजन भरून ओल्या मातीच्या चढावर पुढची चाकं फिरत राहतात. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

जुनी रुग्णवाहिका घेऊन बदलून घेतली तर?

स्वस्त पडते आणि फसवतेही. किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन्तास उभ्या उभ्या चाललेलं असतं. फरशीखालचा गंज बघा. आणि कागदांचा पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय इसार देऊ नका.

आरटीओचं काय? लायसन्स कोणतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता असलेल्याकडून गाडी बांधून घेतली तर आरसीवर तशी नोंद होते. स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन खासगी वाहनांत मोडते. बांधणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि "ते होऊन जाते, भाऊ" हे उत्तर चालवून घेऊ नका. एमएच-३१ असो, ४० असो की ४९, त्या कार्यालयात जाऊन आधी बोला.

एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स चालतं. आपल्या मध्यम गाड्या त्याच्या बऱ्याच आत असतात. विमा कंपनीला फर्निचर, बॅटऱ्या, गॅस, सगळं लेखी कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी तुम्ही एक रिकामी व्हॅन विमावली होती असं निघेल.

गॅस की इंडक्शन?

पाच किलोचं छोटं सिलिंडर, बाहेर उघडणाऱ्या, तळाला भोक असलेल्या कप्प्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून गळतीचा अलार्मही खाली, फरशीजवळ लावायचा. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. सकाळचा चहा आणि पोहे आत होतात. फोडणीचं काही, विशेषतः सावजी रस्सा, आत केलात तर तो वास दिवाळीपर्यंत गादीत राहतो.

नागपूरहून जायचं कुठे आणि रात्री गाडी लावायची कुठे?

आपलं शहर या बाबतीत नशीबवान आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नागझिरा, सगळं सकाळी निघून जेवणाच्या आत. पण एक स्वप्न आधीच मोडतो: जंगलात गाडी लावून झोपता येत नाही. सफारीला वनखात्याकडे नोंदलेली गाडीच घ्यावी लागते आणि गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. मुक्काम करायचा तो गेटजवळच्या गावात, कोणाच्या तरी अंगणात, विचारून आणि पैसे देऊन. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी आमच्या अनुभवात अजून माणसं ओळखीची होणं हाच खरा कॅम्पिंग पार्क.

पोरांना घेऊन पहिली फेरी करायची तर पेंचच्या सिल्लारीच्या बाजूला जा. महाराष्ट्रातला पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. अमावस्येच्या आसपास जा. छतावर चढायची शिडी असेल तर गाडीचं सार्थक होतं. शहरातल्या पोरांना आकाशगंगा हा धूर वाटतो, माझ्या मुलीला वाटलाच होता.

समृद्धी महामार्गावर ही गाडी कशी चालते?

झकास, आणि तीच भीती आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. सरळ, सिमेंटचा, कंटाळवाणा. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर तडकलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. ऐंशीच्या पुढे जाऊ नका आणि दुपारी बारा ते चार सावलीत थांबा. झोपायला गाडी कडेला लावायची नाही, सेवा केंद्रावरच.

विकत घ्यावी की भाड्याने?

आधी दोन रात्री भाड्याने, आणि त्याही मे महिन्यात. डिसेंबरमध्ये कोणतीही गाडी आवडते. वर्षात वीस-पंचवीस रात्री निघणार नसतील तर विकत घेण्यात अर्थ नाही. रात्री खरोखर मोजा. पोरगी दहावीला गेली त्या वर्षी आमच्या सहा झाल्या.

गाडीजवळ रोडगे लावता येतात का?

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे. हा प्रश्न आमच्या मामेभावाचा, आणि तो दर वेळी विचारतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, तेव्हा जंगलाच्या कडेला आगपेटीसुद्धा काढायची नाही. थंडीत, ज्याचं शेत आहे त्याला विचारून, गाडीपासून वीस पावलं लांब आणि वाऱ्याची दिशा बघून. गोवऱ्या गाडीच्या आत भरून आणू नका, छतावरच्या कॅरिअरला बांधा. वांगी तिथेच घ्या, शेतवाला देतो. राख पाणी मारून, हाताला गार लागल्यावरच सोडायची. आणि रोडग्यांसाठी तूप घरूनच न्या, ते तिथे मिळत नाही.